शंका कोणाच्या वाट्याला येते?

कुणी एखादा फोटो टाकतं आणि खाली लगेच शेरा येतो, "एआयने बनवलेला दिसतोय." कुणी अनुभव सांगतं, तर नुसतंच "पुरावा?" असं विचारलं जातं. वाटतं, लोक भलतेच चिकित्सक झाले. मग तोच शेरेबाज सकाळपासून कोणकोणते मेसेज फॉरवर्ड करत होता ते पाहावं. तिथे पुरावा त्याने कुणाकडे मागितलेला नसतो.

यामागची खोड उघडी पाडणारा एक खट्याळ प्रयोग पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, शरीरात अमुक एन्झाइम कमी असेल तर पुढे आजार होऊ शकतो. लाळेत ही पट्टी बुडवा, लगेच कळेल. काहींना सांगितलं की रंग बदलला तर तुम्ही ठणठणीत. बाकीच्यांना बरोबर उलट: रंग बदलला तर कमतरता आहे. एन्झाइम काल्पनिक होतं आणि पट्टी म्हणजे साधा पिवळा कागद. त्याचा रंग बदलणारच नव्हता.

म्हणजे डोळ्यांसमोरचा पुरावा सगळ्यांना एकच, अर्थ मात्र दोन. ज्यांच्यासाठी पिवळा रंग शुभ होता त्यांनी पट्टी चटकन लिफाफ्यात घातली. ज्यांच्यासाठी तो अशुभ होता ते ताटकळत बसले. पट्टी पुन्हा लाळेत बुडवून पाहणारेही त्यांच्यातच जास्त निघाले.

आता खरं सांगायचं तर, चाचणी पुन्हा करून पाहणं ही उत्तम वैज्ञानिक सवय आहे. या मंडळींना नावं ठेवायचं कारण नाही. गफलत झाली ती पट्टी चटकन लिफाफ्यात घालणाऱ्यांची, पण तिथे कुणाचं लक्ष जात नाही, कारण स्वस्थ बसलेला माणूस चुकतोय असं दिसत नाही. थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने हा फरक नेमका पकडला आहे. आवडती गोष्ट समोर आली की आपण विचारतो, "यावर विश्वास ठेवता येईल का?" नावडती आली की, "यावर विश्वास ठेवलाच पाहिजे का?" पहिल्या प्रश्नाला कसाबसा एक आधार पुरतो. दुसऱ्यातून निसटायला कशीबशी एक फट. आपला तो बाब्या हा न्याय माहितीलाही लागू पडतो!

मग सगळ्यावरच सारखी शंका घेतली तर? इथे रडारच्या काळापासून वापरात असलेलं एक गणित कामी येतं. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसती खरखर, हे ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: माणसाची पारख किती, आणि "विमान!" म्हणून ओरडायला तो किती उतावीळ. ऑनलाइन जगातही तसंच. दिसेल ते खोटं म्हणणाऱ्याच्या हातून एकही अफवा सुटत नाही. त्या हिशेबाने तो शंभर टक्के यशस्वी. पण त्याची पारख शून्य आहे, कारण खऱ्या बातम्याही त्याने त्याच टोपलीत टाकल्या.

आणि अशा टोपलीची काहींना गरजच असते. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या कायदेअभ्यासकांनी डीपफेकबद्दल, म्हणजे एआयने बनवलेल्या हुबेहूब खोट्या व्हिडिओंबद्दल लिहिताना 'खोटारड्याचा लाभांश' अशी कल्पना मांडली. बनावट व्हिडिओ असू शकतात हे लोकांना जितकं पटेल, तितकं खऱ्या व्हिडिओत सापडलेल्याला "तो मी नव्हेच" म्हणणं सोपं. त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. आपण आधीच सगळ्याला नाक मुरडत असतो.

राहिला पारख वाढवण्याचा प्रश्न. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी फसले हे समजू शकतो. पण साधनांची चिकित्सा हाच ज्यांचा धंदा, त्या इतिहासकारांतलेही अनेक जण पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले आणि भारदस्त नाव, सुबक बोधचिन्ह, शास्त्रीय भाषा यांना भुलले. तथ्यतपासनीस त्या पानावर फार रेंगाळलेच नाहीत. त्यांनी भराभर नव्या टॅब उघडल्या आणि ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे शोधलं. त्यांचं वाचन इतरांपेक्षा कमी झालं, वेळही कमी लागला आणि निष्कर्ष जास्त अचूक निघाले.