आयपीस बदलल्याने धूसर चित्र स्पष्ट होतं का?

'सूक्ष्मदर्शकात धूसर दिसतंय? जास्त पॉवरची आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) लावा, बारीक तपशील दिसू लागतील,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण खरा नाही.

तपशील ठरवते ती खालची, स्लाइडजवळची लेन्स, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह. तिच्यावर ४०/०.६५ असं काहीसं कोरलेलं असतं. पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे ती चित्र किती पट मोठं करते त्याचा. दुसरा न्यूमेरिकल अपर्चरचा, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचा. ०.६५ला हिरव्या प्रकाशात साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. आयपीस हे तयार चित्र फक्त मोठं करते. उपयोगी वर्धनाची मर्यादा ढोबळमानाने अपर्चरच्या हजारपट, इथे ६५०. २५ पट मोठं करणारी आयपीस लावली की ४० गुणिले २५, होतात १०००. चित्र मोठं, पण फिकट आणि तितकंच अस्पष्ट.

पडताळा सोपा आहे. स्लाइड न हलवता आधी १०ची, मग २५ची आयपीस लावा. आधी एकच दिसणारी रेघ आता दोन झाली का?

मग धूसरपणा कशाचा? माझा पहिला संशय ४०च्या लेन्सवरच्या तेलावर असतो. १००ची ऑइल लेन्स (जिच्यासाठी स्लाइडवर तेलाचा थेंब टाकतात) वापरल्यावर ४०ची पुन्हा फिरवून आणली, की स्लाइडवरचं तेल तिला लागतं. ऑब्जेक्टिव्ह काढा, आयपीस उलटी धरून भिंगासारखी वापरा आणि टोकाची काच निरखा. चिकट थर दिसला तर लेन्स पेपरने हलकेच टिपा, घासू नका. १०च्या ऑब्जेक्टिव्हला स्वच्छ दिसतं आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हला फोकसच होत नाही, अशा वेळी स्लाइड उलटी तर ठेवली नाही ना, हे आधी बघा.