जुन्या छोट्या मोटरहोमची देखभाल व दुरुस्ती : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आमच्याकडे दाखवायला आणणारे बहुतेक ग्राहक गाडी किती किलोमीटर चालली आहे हे सर्वांत आधी सांगतात. इंजिन आणि क्लचच्या दृष्टीने तो आकडा उपयोगाचा आहे. परंतु मोटरहोम वर्षातले बरेच महिने एका जागी उभे असते आणि उभ्या गाडीचे नुकसान किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ती उभी असतानाच सांध्यांतल्या फटी बुजवणारे सीलंट वाळून कडक होते, टायरच्या रबराला बारीक चिरा पडतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि बॅटरी उतरत जाते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत कोणता भाग कधी बदलला, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो, आणि या पत्रकातली माहितीही त्याच दृष्टीने दिली आहे.

छोट्या मोटरहोमचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात मूळची पत्र्याची व्हॅन तशीच ठेवून आत पलंग, ओटा आणि कपाटे बसवलेली असतात. फोल्क्सवॅगनची टाइप २ आणि तिच्या पुढच्या पिढ्या, टोयोटा हायएस, माझ्दा बाँगो यांसारख्या गाड्यांवर अशी कामे मोठ्या प्रमाणावर झाली असून, आत सरळ उभे राहता यावे म्हणून त्यांपैकी अनेकांना वर उचलले जाणारे छत आहे. दुसऱ्या प्रकाराला कोचबिल्ट म्हणतात. त्यात फियाट डुकाटो किंवा फोर्ड ट्रान्झिटसारख्या गाडीची केबिन आणि चॅसिस घेऊन मागे लाकडी चौकट, तिच्यात उष्णतारोधक फोम आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा अशी स्वतंत्र खोली बांधलेली असते. पहिला प्रकार गंजतो, दुसरा आतून कुजतो, आणि दोन्हींची सुरुवात पाण्यापासून होते.

पाणी कुठून शिरते

कोचबिल्ट गाडीचे आयुष्य तिच्या सांध्यांवर ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि तिच्याखाली मस्टिक या सीलंटचा थर दिलेला असतो. नवा असताना हा थर मऊ आणि चिकट असतो. अनेक उन्हाळे तापल्यावर तो आकसतो, आणि पट्टीखाली केसाएवढी फट पडली तरी पावसाचे पाणी स्क्रूच्या भोकातून थेट लाकडी चौकटीत उतरते. आतल्या प्लायवूडवर कागदाचे किंवा व्हिनाइलचे आवरण चिकटवलेले असल्यामुळे डाग दिसू लागेपर्यंत मागचे लाकूड पुष्कळ दिवस भिजलेले असते. म्हणून डाग पडण्याची वाट न पाहता वर्षातून दोनदा, त्यातही पावसाळी दिवस संपल्यावर, गाडी हाताने तपासावी.

ही तपासणी मालकाला स्वतःला करता येते. वरच्या कपाटांतले सामान काढून मागच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या खालच्या दोन्ही टोकांशी, छतावरच्या झरोक्याभोवती आणि मागच्या भिंतीच्या तळाशी अंगठ्याने घट्ट दाबून पाहावे. कोरडे प्लायवूड टणक लागते. अंगठ्याखाली भिंत दबत असेल, आवरणाला सुरकुत्या पडल्या असतील किंवा बंद कपाट उघडताच कुबट वास येत असेल, तर पाणी आत पोहोचले आहे. बाहेरच्या बाजूने पट्टीतली प्लास्टिकची लांब फीत एका टोकाकडून ओढून काढली की खालचे स्क्रू उघडे पडतात. त्यांची डोकी तांबूस झाली असतील आणि स्क्रू ड्रायव्हरने फिरवल्यावर स्क्रू आवळला न जाता नुसता गोल फिरत राहत असेल, तर त्याला धरून ठेवणारे लाकूडच उरलेले नाही. चालताना पायाखाली जमीन दबणे किंवा करकरणे हे मात्र दर वेळी ओलीचे लक्षण नसते. फोम आणि प्लायवूड यांचा जोड सुटल्यानेही तसे होते आणि योग्य चिकटद्रव्य आत भरून ते पुष्कळदा दुरुस्त करता येते.

आमच्याकडे ओलावा मोजण्याच्या उपकरणाने भिंतींची नोंद घेतली जाते. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचे आकडे चिंतेचे नसतात, १५ ते २० टक्क्यांच्या जागा पुन्हा मोजाव्या लागतात, आणि ३० टक्क्यांच्या वर गेलेल्या जागी लाकूड खराब झाले आहे असे धरूनच भिंत उघडावी लागते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याच जागेचे सहा महिन्यांनी घेतलेले मोजमाप अधिक बोलके असते. त्यामुळे आधीच्या तपासणीचा कागद आपण जपून ठेवावा, ही विनंती आहे.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. गळती दिसली की जुन्या पट्टीवर वरून सिलिकॉनची रेघ ओढण्याचा मोह होतो, पण त्याने काम बहुधा बिघडतेच. खालचे वाळलेले मस्टिक तसेच राहते, आधी शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर पुढे दुसरे सीलंट वा रंग नीट धरत नाही. योग्य दुरुस्तीत पट्टी पूर्ण काढली जाते, जुने मस्टिक खरवडून साफ केले जाते, कुजलेले लाकूड कापून नवे बसवले जाते, चौकट पूर्ण कोरडी होऊ दिली जाते आणि मगच नवे मस्टिक व नवे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावून पट्टी परत बसते. लाकूड वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि ओल्या लाकडावर आम्ही भिंत बंद करत नाही. त्यामुळे गाडी परत देण्याची तारीख अशा कामात पुढे जाऊ शकते.

कोचबिल्ट गाडीच्या खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. त्या स्पिरिट, थिनर किंवा घरगुती काच पुसायच्या द्रवाने पुसल्यास त्यांत जाळीसारख्या चिरा उमटतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत. साधा साबण, भरपूर पाणी आणि मऊ कापड एवढेच वापरावे. उचलल्या जाणाऱ्या छताचे कापड ओले असताना छत मिटावे लागले, तर गाडी मुक्कामी पोहोचताच ते पुन्हा उघडून पूर्ण सुकवावे; घडीत बुरशी धरली की कापड आणि शिलाई दोन्ही कमकुवत होतात.

गंज

पत्र्याच्या व्हॅनमध्ये चाकांवरच्या कमानी, दारांखालचे उंबरे, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच आणि जॅक लावण्याच्या जागा प्रथम गंजतात. रंगाला आलेला फोड हा बहुतेक वेळा आतून आलेला गंज असतो, आणि फोडाच्या दुप्पट-तिप्पट जागा खाली खराब झालेली निघते. वरून पुट्टी भरून रंग मारल्यास गाडी एक-दोन मोसम छान दिसते, पण भार पेलणाऱ्या उंबऱ्यावर किंवा सीटबेल्टच्या जोडाशेजारी आम्ही असे काम करत नाही; तिथे खराब पत्रा कापून नवा वेल्ड करणे हाच मार्ग आहे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आतला फोम पेट घेऊ शकतो, म्हणून त्या बाजूचे फर्निचर आधी उतरवावे लागते. खर्चाच्या अंदाजात मजुरी मोठी दिसते त्याचे हेही एक कारण आहे.

गॅस आणि फ्रिज

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास खाली साचतो. त्यासाठीच सिलिंडरच्या कप्प्यात आणि शेगडीजवळ तळाशी झरोके ठेवलेले असतात. थंड वारा येतो म्हणून ते बुजवलेले आमच्या पाहण्यात वारंवार येतात, आणि हे अत्यंत धोक्याचे आहे. रबरी नळीवर निर्मितीचे वर्ष छापलेले असते. मुदत उलटलेली नळी वरून चांगली दिसली तरी बदलावी. रेग्युलेटर बदलताना त्याचा दाब शेगडी, हीटर आणि फ्रिज यांवरच्या पाटीतल्या आकड्याशी जुळला पाहिजे, कारण जुन्या गाड्यांतली उपकरणे आणि आजचे रेग्युलेटर यांचे दाब वेगळे असू शकतात. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे एवढे मालकाने करावे. बुडबुडा दिसताच सिलिंडर बंद करावा आणि पुढचे काम गॅसचे अधिकृत प्रशिक्षण असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्याला काजळी धरत असेल, तर ज्वलन अपुरे आहे आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. त्यामुळे झोपण्याच्या जागेजवळ त्याचा अलार्म असल्याशिवाय आम्ही हीटरचे काम पूर्ण झाले असे मानत नाही.

थंडीत गॅस येत नाही, ही तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देतो. थंड हवेत प्रोपेनचा सिलिंडर वापरल्यास ही अडचण येत नाही.

बहुतेक जुन्या मोटरहोममधला फ्रिज शोषण पद्धतीचा असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो; उष्णतेच्या जोरावर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण नळ्यांतून फिरत राहते आणि ते फिरण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा आधार लागतो. म्हणून गाडी उतारावर तिरकी उभी असताना हा फ्रिज नीट गार होत नाही आणि दीर्घकाळ तसाच चालू ठेवल्यास खराब होतो. फ्रिज चालत नाही म्हणून आलेल्या गाड्यांत कित्येकदा गाडी सपाट जागी लावणे, बर्नर साफ करणे आणि मागचे हवेचे झरोके मोकळे करणे एवढ्यानेच काम भागते. बर्नरच्या जेटमध्ये तार किंवा टाचणी मात्र घालू नये. छिद्र रुंदावले की ज्योत बिघडते. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर फ्रिज लगेच बंद करून झरोके उघडावेत. गार करणारा संच फुटलेला असतो आणि तो पूर्ण बदलावा लागतो. हाच फ्रिज १२ व्होल्टवर इतकी वीज घेतो की इंजिन बंद असताना तो राहण्याच्या भागाच्या बॅटरीवर चालवल्यास काही तासांत ती रिकामी होते.

वीज

राहण्याच्या भागाची बॅटरी बहुतेक गाड्यांत शिसे-आम्लाची असते. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते. निम्म्याखाली वारंवार उतरवल्यास आणि उतरलेली तशीच ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसून ती भार धरेनाशी होते. गाडी उभी असताना महिन्यातून एकदा तरी ती पूर्ण चार्ज करावी. जागी लिथियम बॅटरी बसवायची इच्छा असल्यास जुना चार्जर आणि अल्टरनेटरकडून येणारी जोडणी आधी तपासून घ्यावी लागते, कारण नुसती बॅटरी बदलून ते काम होत नाही.

जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी वेळोवेळी जोडलेल्या तारा असतात. फ्यूज नसलेली तार, टेपने गुंडाळलेला जोड किंवा भारापेक्षा बारीक तार आढळली की ती बदलण्याचा सल्ला आम्ही देतोच, मग गाडी दुसऱ्या कामासाठी आलेली का असेना.

गाडीचा चालता भाग

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर सतत जवळजवळ पूर्ण भाराखाली उभे असतात आणि नक्षी शाबूत असतानाच रबर म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि सातव्या वर्षाच्या सुमारास बदल, असा आमचा सल्ला असतो. भाराबद्दलही सावध राहावे. लहान गाडीत सामानासाठी उरलेली मर्यादा फार थोडी असते आणि टाकीतले प्रत्येक लिटर पाणी एक किलोचे असते. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन पाटीवरच्या मर्यादेशी ताडून पाहावी.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. ओलावा शोषलेले ऑइल कमी तापमानाला उकळते, आणि लांब घाट उतरताना पायाखालचे पेडल अचानक मऊ लागण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. टायमिंग बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते. तो तुटल्यास बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन निकामी होते. इंधनाच्या रबरी नळ्यांकडे मागे इंजिन असलेल्या फोल्क्सवॅगन गाड्यांत विशेष लक्ष द्यावे. तडकलेल्या नळीतून गळलेले पेट्रोल गरम इंजिनावर पडून अनेक गाड्या जळाल्या आहेत, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला अधिक लवकर खराब करते. नळ्यांचा पूर्ण संच क्लिपांसह बदलणे हे स्वस्त काम आहे आणि त्या गाड्यांच्या बाबतीत आम्ही ते सर्वांत आधी सुचवतो. पाण्याने थंड होणाऱ्या फोल्क्सवॅगन टी३ मध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने कूलंट बदलताना लांब पाइपांत हवा अडकते. गाडीचे नाक उचलून ती काढल्याखेरीज काम संपत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेला एवढेच पुरते की नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी गळती शोधावी, आणि हिवाळ्यात गोठण्याआधी टाकी, हीटर व नळ पूर्ण रिकामे करावेत. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि हीटरची टाकी फोडते.

गाडी आमच्याकडे आणताना

आणण्यापूर्वी सिलिंडर बंद करावेत, टाक्या रिकाम्या कराव्यात आणि वरच्या कपाटांतले सामान काढून ठेवावे, म्हणजे तपासणीचा वेळ वाचतो. पूर्वीच्या कामांच्या पावत्या, ओलाव्याच्या नोंदी आणि उपकरणांच्या पुस्तिका सोबत आणाव्यात. जुन्या उपकरणाचा सुटा भाग शोधताना त्याच्या पाटीवरचा क्रमांक फार उपयोगी पडतो. तपासणीनंतर आम्ही लेखी अहवाल देतो. त्यात गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी करायची कामे, या वर्षात करायची कामे आणि केवळ दिसण्यासाठीची कामे वेगवेगळी लिहिलेली असतात, आणि भिंत उघडल्यावर अंदाजापेक्षा अधिक नुकसान निघाले तर छायाचित्रे पाठवून आपली संमती मिळेपर्यंत पुढचे काम थांबवले जाते.