फर्स्ट लेडी

फर्स्ट लेडी : राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीस किंवा त्याच्या अधिकृत निवासस्थानी यजमानीण म्हणून वावरणाऱ्या स्त्रीस दिले जाणारे अनौपचारिक बिरुद. मराठीत ‘प्रथम महिला’ हा पर्याय रूढ आहे. संज्ञा मूळची अमेरिकेतील असली, तरी तेथील संविधानात तिचा उल्लेख नाही.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. प्रारंभी ठरावीक संबोधन नव्हते. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांना ‘लेडी वॉशिंग्टन’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी डॉली मॅडिसन १८४९ मध्ये निवर्तल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी श्रद्धांजलीपर भाषणात हा शब्दप्रयोग प्रथम केला, असे परंपरेने सांगितले जाते. मात्र त्या भाषणाची लिखित प्रत उपलब्ध नाही. शिवाय १८३८ मधील एका वृत्तपत्रीय लेखात मार्था यांचा ‘राष्ट्राची फर्स्ट लेडी’ असा उल्लेख आढळतो, त्यामुळे टेलर यांना आद्यत्वाचा मान देणे धाडसाचे ठरेल. अर्थात १८३८ चा उल्लेखही मार्था यांच्या निधनानंतरचा (१८०२) व वर्णनपर असून त्यावरून बिरुद तेव्हा प्रचारात होते असे म्हणता येत नाही. अधिक भक्कम पुरावा १८६० चा आहे. फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने हॅरिएट लेन यांना ‘शिष्टाचारापुरत्या’ फर्स्ट लेडी म्हटले. लेन या अविवाहित राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांच्या भाची. म्हणजे बिरुद पत्नीपदापेक्षा यजमानपदाशी जोडलेले दिसते. पुढे १८७७ मध्ये पत्रकार मेरी क्लेमर एम्स यांनी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांच्या पत्नी ल्यूसी हेझ यांच्यासाठी ते वापरले आणि त्यानंतर त्याचा प्रसार झाला, हे मत ग्राह्य वाटते.

या स्थानास वेतन नाही. कर्तव्यपालनात राष्ट्राध्यक्षाला साहाय्य करणाऱ्या जोडीदारास कर्मचारीवर्ग देण्याची तरतूद १९७८ च्या कायद्याने झाली. हिलरी क्लिंटन आरोग्यसेवाविषयक कृतिदलाच्या प्रमुख असताना त्या सरकारी अधिकारी ठरतात की बाहेरच्या व्यक्ती, असा वाद उद्भवला. अधिकारी ठरल्या, तरच दलाच्या बैठका बंद दाराआड घेता येणार होत्या. सल्लागार समित्यांविषयीच्या कायद्यापुरते त्यांना अधिकारी मानता येईल, असा निर्णय अपील न्यायालयाने १९९३ मध्ये दिला.

भारतात राष्ट्रपतींच्या पत्नीस प्रथम महिला म्हणतात. प्रतिभा पाटील यांच्या कारकिर्दीत (२००७–१२) त्यांचे पती, अमरावतीचे देवीसिंह शेखावत, यांचा वृत्तपत्रांनी ‘फर्स्ट जंटलमन’ असा उल्लेख केला. लाक्षणिक अर्थाने एखाद्या क्षेत्रातील अग्रगण्य स्त्रीसही हे बिरुद लावतात. देविकाराणी यांना भारतीय चित्रपटसृष्टीची फर्स्ट लेडी म्हटले जाते.