खडकांचे विरूपण

प्रतिबलामुळे, म्हणजे एकक क्षेत्रावर पडणाऱ्या बलामुळे, खडकाचा आकार, आकारमान किंवा स्थिती बदलणे म्हणजे विरूपण. घड्या, प्रस्तरभंग (ज्या भेगेवर दोन बाजूंचे खडक सरकलेले असतात ती), सांधे (खडक न सरकता पडलेल्या भेगा) आणि पत्रण (खडकाला आलेली पापुद्र्यांसारखी रचना) ही त्याची डोळ्यांना दिसणारी रूपे होत. संरचनात्मक भूविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा हा गाभा आहे. मूळ हालचाल बहुधा कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबलेली असते आणि हाती फक्त तिचा परिणाम उरतो. म्हणून आधी आकार मोजायचा, मग खडक कसा हलला ते ठरवायचे आणि बलांचा विचार सर्वांत शेवटी करायचा, अशी शिस्त असते. विद्यार्थ्यांना ती नकोशी वाटते, कारण थेट कारण सांगून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो.

मोजणीची सुरुवात थराच्या डिप (कल) आणि स्ट्राइकपासून (थरावरील आडव्या रेषेच्या दिशेपासून) होते. थर क्षितिजसमांतर पातळीपासून किती अंश आणि कोणत्या दिशेला कलला आहे, ते क्लिनोमीटर कंपासने पाहतात. ही मोजमापे ट्रेसिंग पेपरखाली स्टिरिओनेट, म्हणजे दिशा आणि कोन मांडण्याची गोल जाळी, ठेवून आणि मध्यभागी टाचणी टोचून मांडली, की विखुरलेल्या नोंदींतून घडीचा अक्ष दिसू लागतो.

विकृती, म्हणजे आकार किती बदलला ते, मोजायला मूळ आकार ठाऊक असलेली एखादी वस्तू लागते. अर्न्स्ट क्लूस यांनी अमेरिकेतील मेरिलँडमधल्या चुनखडकात ती शोधली. तेथील कण मूळचे जवळजवळ गोल होते आणि विरूपणात लंबगोल झाले होते. त्यांचे अक्ष मोजून संपूर्ण घडीतील विकृती कशी वाटली गेली आहे, हे त्यांनी 1947 मध्ये दाखवले.

तोच खडक कधी फुटतो, तर कधी वाकतो. थेओडोर फॉन कार्मान यांनी 1911 मध्ये इटलीतील कारारा संगमरवराचे नमुने सर्व बाजूंनी दाबात ठेवून चिरडले. दाब कमी असताना ते फुटले. वाढवल्यावर न फुटता फुगले. तापमान वाढले तरी खडक मवाळ होतो. ग्रॅनाइटातल्या खनिजांपैकी क्वार्ट्झ सुमारे 300 अंश सेल्सिअसला ताणले जाऊ लागते, पण फेल्डस्पारला त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. त्यामुळे एकाच ग्रॅनाइटात क्वार्ट्झच्या पट्ट्या ओढलेल्या आणि फेल्डस्पार मात्र तडकलेला, असे दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिसरा घटक वेगाचा, आणि तोच कल्पनेत उतरायला अवघड. डोंगर घडताना एखाद्या थराची लांबी दुप्पट व्हायला तीसेक लाख वर्षे लागू शकतात. प्रयोगशाळेला एवढी सवड नसल्याने तेथे तापमान वाढवून वेळेची भरपाई करतात.

ठिसूळ विरूपणासाठी, म्हणजे खडक फुटतो तेव्हासाठी, ई. एम. अँडरसन यांची 1905 ची मांडणी आजही शिकवली जाते. भूपृष्ठाजवळ तीन मुख्य प्रतिबलांपैकी एक उभे असते. ते सर्वांत मोठे, मधले की सर्वांत लहान, यावरून प्रस्तरभंगाचा प्रकार ठरतो. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून मुख्यतः आडवे सरकले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली. एकाच राज्यातली, दोन्ही बेसाल्टने झाकलेल्या भागातली ही उदाहरणे वेगवेगळ्या प्रकारांत पडतात.

सह्याद्रीचे आडवे थर पाहून महाराष्ट्रात घड्या नाहीतच असे वाटते. ते खरे नाही. नागपूर जिल्ह्यातील मँगनीजयुक्त सौसर गटाचे प्राचीन खडक जोरदार घड्यांचे आहेत. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्ये देवलापार परिसरात खडकांचे थर आडवे सरकून दुसऱ्यांवर पसरल्याची, म्हणजे नॅप रचनेची, मांडणी केली.

बेसाल्टही सर्वत्र आडवा नाही. घाटमाथ्यावर जवळजवळ सपाट असलेले लाव्हाथर मुंबई-पनवेल पट्ट्यात पश्चिमेकडे ठळकपणे कलतात. जे. बी. ऑडन यांनी 1949 मध्ये या रचनेला पनवेल फ्लेक्शर (फ्लेक्शर म्हणजे वाक) म्हटले. कल आहे, यावर दुमत नाही. तो कसा आला, यावर आहे. एका मतानुसार किनारा खचताना थर वाकले. दुसऱ्या मतानुसार खोलवर वक्र होत जाणाऱ्या प्रस्तरभंगावर सरकताना ते फिरले. दोन्ही मतांत कवच ताणले गेल्याचे गृहीत असते आणि त्या ताणाचा संबंध भारतापासून सेशेल्स (आज हिंदी महासागरातील बेटे) विलग होण्याशी जोडला जातो. शिवाय लाव्हा मुळात उतारावरूनही वाहतो, त्यामुळे मोजलेल्या प्रत्येक अंशाला विरूपण म्हणता येत नाही.