समुद्राची पाणसळ

पाया आखताना आमच्याकडचा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि तिची दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरतो. जमीन बोटभर वरखाली असली तरी पाण्याची रेघ चुगली करते. किल्लारीच्या शिवारात अशी पाणसळ नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, तिथे भूकंपात खडकाचा एक ठोकळा दुसऱ्यावर चढला. दगडमातीच्या भिंती माळवदासकट माणसांवर बसल्या. पण खुद्द जमीन वर आली ती किलोमीटरभर पट्ट्यात, मीटरच्या आतच. चार वखरपाळ्या फिरल्या की असला उंचवटा कुठे ओळखू येणार?

समुद्रकाठी ही लपवाछपवी चालत नाही.

जपानच्या नोतो द्वीपकल्पातही १ जानेवारी २०२४ रोजी असाच ठोकळ्यावर ठोकळा चढला. तीव्रता ७.५, म्हणजे किल्लारीच्या ६.२ पेक्षा ऊर्जा सुमारे ९० पट. काइसो नावाच्या मासेमारी बंदराची जमीन जवळजवळ ४ मीटर वर आली. बंदरातलं पाणी ओसरलं ते परत आलंच नाही. धक्क्याला टेकलेले शिंपले तसेच उघडे पडले, खडकांवरचं शेवाळ मरून पांढरं झालं. वाजिमा बंदरात उंची कमी वाढली, तरी तळ उथळ होऊन सुमारे २०० होड्या अडकल्या. गाळ उपसल्याशिवाय एकही धड बाहेर पडेना.

सुनामीच्या लाटेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी ७०० किलोमीटरने धावते. उथळात वेग मंदावतो आणि पाणी उंच चढतं. पण लाट येते नि जाते. जमिनीची बदललेली पातळी तशीच राहते, आणि मला तरी तीच जास्त विलक्षण वाटते.

काही भूकंपांत उलटंही होतं. एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्याखाली सरकताना वरच्या पट्टाची कड खाली ओढली जाते, मागचा भाग फुगतो. पकड सुटली की कड उसळते आणि फुगलेला भाग खचतो. २६ डिसेंबर २००४ ला ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट ४ मीटरहून जास्त खचलं. तिथल्या दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. २०११ मध्ये जपानच्या इशिनोमाकीत जमीन मीटरभर खचली, आणि पुढे कित्येक महिने साध्या भरतीलाही रस्त्यांवर पाणी चढायचं. तिथे धक्के उंच करावे लागले. नोतोत मात्र धक्के इतके वर गेले, की खालच्या होडीत पाय ठेवायची पंचाईत.