जुन्या चांदीवरचे ठसे आणि ‘कर्ता’ या शब्दाचा घोळ

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांतून ताम्हण, पळी, अत्तरदाणी यांच्यासोबत अधूनमधून विलायती चहादाणी किंवा काटे-चमचेही निघतात. ही चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारी ९२५ भाग शुद्ध आहे काय आणि ती कोणी घडवली, हे दोन प्रश्न घरातली माणसे एकच समजतात. ते वेगळे आहेत.

इंग्लंडमध्ये १३०० साली बिबट्याच्या मुखाचा ठसा आला, १३६३ मध्ये कारागिराची स्वतःची खूण, १४७८ मध्ये वर्षाचे अक्षर आणि १५४४ मध्ये स्टर्लिंग शुद्धता दाखवणारा चालता सिंह. १७७३ पासून जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि १९७४ पर्यंत मुकुट म्हणजे शेफिल्ड. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मुख उमटत असे.

खरी गुंतागुंत कारागिराच्या खुणेत, म्हणजे आद्याक्षरांच्या ठशात आहे. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कर्त्याचा ठसा’ म्हणतात, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे. आरंभी तो खरोखर घडवणाऱ्याचा होता. पुढे कारखान्यात अनेक हात राबू लागले, काही विक्रेते दुसऱ्याच्या खुणेवर आपली खूण ठोकू लागले, आणि त्या अक्षरांचा अर्थ ‘तपासणीला माल पाठवून त्याची जबाबदारी घेणारा’ एवढाच उरला. त्यातही तीच अक्षरे अनेकांची असत, म्हणून अक्षरांभोवतीची चौकट अंडाकृती आहे की कोपरे कापलेली, हे पाहावेच लागते. लंडनमधील मोठी भांडी घडवणाऱ्यांची १७५८ ते १७७३ या वर्षांची नोंदवही उपलब्ध नाही, त्यामुळे त्या काळातील मोठ्या भांड्यावर ठामपणे नाव सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ असे विचारणे रास्तच ठरते. माझ्या मते मराठीत ‘जबाबदाराची खूण’ म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

हैदराबाद संस्थानात चालणारे हाली (संस्थानाचे) आणि कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानचे) ही दोन्ही नाणी सोनाराच्या मुशीत जात. जुन्या हाली रुपयात सुमारे ८१.८ टक्के चांदी होती, तर कलदारात १९४० पर्यंत ९१.६६ टक्के, त्यानंतर ती निम्म्यावर आली. म्हणजे नाणी आटवून घडवलेले आजीचे ताम्हण स्टर्लिंगच्या मापाला पोहोचत नाही, परंतु त्यावर सिंह नाही म्हणून ते खोटे ठरवणे हा त्या सोनारावर अन्याय आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीच्या भांड्यांवर सरकारी तपासणीच्या ठशाची सक्ती नव्हती, आणि कलकत्ता-मद्रासच्या युरोपीय पेढ्या आपल्या नावाशेजारी इंग्रजी ठशांसारख्या दिसणाऱ्या आकृत्याही ठोकत. विलायती वाटणारी चहादाणी त्यामुळे कलकत्त्याची निघू शकते.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून सिंह आणि वर्षाक्षर ऐच्छिक आहेत, तर भारतात चांदीवरचा शुद्धतेचा सरकारी ठसा २००५ पासून, तोही ऐच्छिकच, मिळू लागला. जुन्या भांड्यावर आज हा ठसा घेतला, तर त्यातून आजची शुद्धता कळते. मूळ गाव आणि घडवणारा यांसाठी भांड्याच्या तळाशी, दांड्याखाली आणि झाकणाच्या आतल्या कडेला भिंग लावूनच पाहावे लागते, कारण चिंचेने आणि रांगोळीने घासून घासून दर्शनी बाजूचे ठसे बहुधा पुसट झालेले असतात.