लैंगिक स्वातंत्र्य, माध्यमे आणि स्त्रीमुक्ती : मराठवाडा

स्वतःचे शरीर, इच्छा, जोडीदार आणि अपत्य यांविषयी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे लैंगिक स्वातंत्र्य. स्त्रीवादी विचारात त्याच्या दोन बाजू धरल्या जातात : हवे ते मागता येणे आणि नको ते नाकारता येणे. माध्यमांनी पहिल्या बाजूची चर्चा अधिक केली, कारण ती खपते. मराठवाड्यातल्या स्त्रीचळवळीची बहुतेक ताकद दुसऱ्या बाजूला लागली. त्यामुळे ही नोंदही तिकडेच झुकलेली आहे.

अमेरिकेत 1960 मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि शरीरसंबंध व मातृत्व यांची गाठ सैल झाली. पुढच्या दहा वर्षांत स्त्रीमुक्ती चळवळीने लग्न, घरकाम, सौंदर्यस्पर्धा आणि जाहिराती यांकडे पुरुषसत्तेची साधने म्हणून पाहायला सुरुवात केली. 7 सप्टेंबर 1968 रोजी अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेविरुद्ध निदर्शने झाली. तिथे स्त्रियांनी उंच टाचांची पादत्राणे, खोट्या पापण्या, अंतर्वस्त्रे अशा वस्तू एका पिंपात टाकल्या. जाळले काहीच नाही. तरी ‘ब्रा जाळणाऱ्या बायका’ हे चित्र वृत्तपत्रांनी जगभर पोचवले. मराठीत ‘स्त्रीमुक्तीवाली’ म्हणताना आवाजात जो कुत्सितपणा येतो, त्यात या न पेटलेल्या होळीचाही वाटा आहे. 1980 च्या दशकात स्त्रीवाद्यांमध्येच फूट पडली. अश्लीलपट ही स्त्रीवरची हिंसा आहे असे एक गट म्हणत होता, तर बंदीची भाषा शेवटी स्त्रीच्याच इच्छेवर उलटते असे दुसरा. न्यूयॉर्कमधील 1982 ची बर्नार्ड परिषद या वादाने गाजली.

मराठीत हा विषय त्याच्या कितीतरी आधी छापला जात होता. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक 1927 पासून 1953 पर्यंत चालवले. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असे ते त्यातून मांडत, आणि त्यासाठी खटल्यांना सामोरे जात. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे मराठी छपाईचीच अडचण होती. आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले, पण त्याची लढाई राज्य मुक्त करण्याची होती. 17 सप्टेंबर 1948 ला ते मुक्त झाले. बाईच्या मुक्तीचा विषय त्यानंतरही बराच काळ रांगेत मागे राहिला.

1975 मध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली आणि 1977 मध्ये ‘बायजा’ हे नियतकालिक निघाले. मथुरा प्रकरणाने चळवळीची दिशा ठरवली. 1972 मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. पुढच्या वर्षी चार विधिज्ञांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. यानंतर लैंगिकता हा शब्द चळवळीत हिंसेच्या संदर्भातच येऊ लागला. ते समजण्यासारखे आहे, पण सुखाविषयी बोलायचे राहून गेले ते राहिलेच.

खरे तर या भूमीत ती भाषा जुनी आहे. गंगाखेडची (जि. परभणी) जनाबाई डोईचा पदर खांद्यावर आल्याचे आणि भर बाजारात जाणार असल्याचे सांगते, स्वतःला ‘वेसवा’ म्हणवते आणि केशवाच्या घरी निघते. हा अभंग केवळ भक्तिपर आहे असे सांगून अनेक टीकाकार त्याची धार बोथट करतात. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी पाळीचा विटाळ नाकारला आणि स्त्रियांना पंथात घेतले. जात्यावरची ओवी हे तर बाईच्या हातातले माध्यमच होते : ना संपादक, ना सेन्सॉर, ऐकायला शेजारीण. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या ओवीसंग्रहाच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. माजलगावच्या (जि. बीड) भीमनगरातल्या स्त्रियांच्या ओव्याही त्यांत आहेत. सासुरवास, माहेरची ओढ, भीमरायाचे कौतुक हे सगळे त्यात एकाच दळणात येते.

मराठवाड्यात शरीरावरचा हक्क श्रमापासून वेगळा काढता येत नाही. ऊसतोडीला मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकट्या माणसाचा अर्धा. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला. टोळीबरोबर जाताना वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न असतो आणि लवकर लग्न हे त्याचे रुळलेले उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 आणि परभणीत 48 टक्के होते. फडावर पाळीच्या दिवसांत काम चुकले तर तो खाडा होतो आणि खाड्याला दंड असतो. शौचालय नाही, पाणी नाही, अंगावरून जाते, आणि कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर भेटतो. मग तिशीच्या आसपासच ‘पिशवी काढून टाकली’ जाते. 2019 मध्ये याच्या बातम्या देशाबाहेरही गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधील सुमारे 82 हजार स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बहुतेक बातम्यांत या बायका गर्भाशय नसलेल्या म्हणूनच आल्या. त्यांच्या मजुरीचा दर आणि मुकादमाचा हिशेब फारच थोड्या ठिकाणी छापला गेला. ज्या स्त्रीला पाळीच्या दिवशी सुट्टी मागता येत नाही, तिने शस्त्रक्रियेला दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का, हा स्त्रीवादाने विचारायचा प्रश्न आहे. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या.

स्थानिक बातमीची भाषा हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले’ हे वाक्य जिल्हा पानावर इतके नेमाने येते की त्यात मुलीची मर्जी असू शकते ही शक्यताच उरत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले. तेव्हापासून घरच्यांना नको असलेल्या प्रेमप्रकरणात तक्रारीचे ते एक हत्यारही झाले आहे. गाव पंधराव्या वर्षी लावलेल्या लग्नात जेवून येते, पण सतराव्या वर्षी मर्जीने गेलेल्या मुलीसाठी ठाण्यात जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अठराखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरवला. त्यामुळे अल्पवयीन गर्भवती दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, आणि त्या धास्तीने मुली दवाखान्यापासून दूर राहतात. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणी अशा मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा लाभ त्याच निकालाने मिळाला. सज्ञान पत्नीच्या नकाराला मात्र कायद्यात अजून ते स्थान नाही. मर्जीच्या लग्नाची किंमत किती असते हे डिसेंबर 2021 मध्ये वैजापूर तालुक्यात दिसले. तिथे एका तरुणीच्या खुनाचा गुन्हा तिच्या आई आणि भावावरच दाखल झाला.

करमणुकीच्या व्यवसायावर चळवळीचे एकमत नाही. राज्याने 2005 मध्ये डान्स बारवर बंदी घातली, उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला. काही स्त्री संघटना बंदीच्या बाजूने होत्या, तर काहींनी नाचणाऱ्यांच्या रोजगाराचा मुद्दा धरला. दलित स्त्रीवादी अभ्यासकांनी तिसराच प्रश्न पुढे आणला : पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच बायका का नाचतात? बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतली कलाकेंद्रे आणि तिथली संगीत बारी (स्त्रियांच्या संचाने सादर होणारी लावणी) हाच प्रश्न उभा करतात. तिथे काम करणाऱ्या स्त्रीकडे पैसा असतो, कधी घराची सत्ताही असते, पण लग्नाच्या बाजारात तिला जागा नसते. यालाच मुक्ती म्हणणे जितके घाईचे, तितकेच तिला केवळ पीडित ठरवणेही.

विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित स्त्रियांना एकत्र आणणारे ‘एकल महिला’ संघटन मराठवाड्यात रुजले आहे. रेशनकार्ड, घराचा उतारा आणि पेन्शन हे त्याचे रोजचे प्रश्न. पुनर्विवाह आणि सोबतीची गरज यांवर तिथे बैठकीत बोलले जाते, पण ते छापून येत नाही. विधवा प्रथेविरुद्धचे शासन परिपत्रक 17 मे 2022 रोजी निघाले, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ठरावानंतर.

मोबाइलने बाईला कॅमेऱ्याच्या मागेही आणि पुढेही उभे केले. जून 2020 मधील बंदीपर्यंत टिकटॉकवर शेतात, अंगणात नाचणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना मोठा प्रेक्षक मिळाला होता. पुढे तो इतर ॲपवर सरकला. त्याच फोनवरची खासगी चित्रफीत धमकीसाठीही वापरली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 ई आणि 67 ही कलमे त्यासाठी आहेत, मात्र तक्रार करायला गेलेल्या मुलीला आधी ‘फोन दिलाच कुणी’ हे ऐकावे लागते. 2019–21 च्या पाहणीत देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता.